ओढता येईल असा बैल

श्रावण सरत आला की चंद्रपूरच्या गोल बाजारात, मूल-सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात, वडशाच्या रस्त्याकडेला लाकडी बैलांच्या रांगा लागतात. वीतभर बैलापासून पोराच्या कमरेला लागणाऱ्या नंदीपर्यंत सगळी मापे. खाली फळी, फळीला चार चाके, पुढे दोरी. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. सजवलेले लाकडी बैल ओढत पोरे तोरणाखाली जमतात आणि मग घरोघर फिरून बोजारा मागतात. कुणी नाणे देते, कुणी नोट, कुणी खाऊ. विदर्भाबाहेरच्या माणसाला हा सण समजावून सांगावा लागतो. विदर्भातल्या माणसाला आपला पहिला बैल आठवतो, आणि पुष्कळांना तो करून देणारा वाढईही.

मूल आणि सिंदेवाही यांच्या मधल्या एका गावातले असेच एक वाढई तरुणपणापासून हे बैल करत आले आहेत. गाव त्यांना वाढईबाबा म्हणते. दारे, चौकटी, बंडी, वखर, तिफण हे त्यांचे पोटाचे काम. बैल उन्हाळ्यात सुरू होतात आणि पोळ्याला संपतात. पण कामाबद्दल विचारा, चौकटीविषयी ते दोन वाक्यांत आटोपतात आणि बैलांविषयी तासभर बोलतात. दुसऱ्याने केलेला बैल हातात दिला तर ते तो आधी उलटा करतात. शिंगे, डोळे, झूल याकडे बघतही नाहीत. बोटाने चाक फिरवतात, किती वेळ फिरते ते पाहतात.

"शिंगं साऱ्याइले दिसते," ते म्हणतात. "चाक कोनी पाहत नाही. पोरगा काय शिंग ओढते?"

त्यांच्या सगळ्या धंद्याचे मर्म या एका वाक्यात आहे. लाकडी बैल म्हणजे मूर्ती नव्हे, ते वाहन आहे आणि ते ओढणारा चार-पाच वर्षांचा आहे. ऐकायला हे सोपे वाटते. पण बाजारात नीट पाहिले तर बहुतेक बैल पोराच्या बापासाठी केलेले असतात. ते पाहताक्षणी आवडतात, आणि घरी नेल्यावर दारातल्या उंबऱ्यावरच अडतात.

बैलाच्या मोठेपणाचा सोस नवा नाही. तान्ह्या पोळ्याचे श्रेय नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना दिले जाते आणि त्यासाठी १८०६ हे साल सांगितले जाते. भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी बैल आजही त्या दिवशी मिरवणुकीने निघतो. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रचंड नंदींसाठीच प्रसिद्ध आहे. तिथले काही नंदी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहेत आणि ते हलवायला माणसांची फौज लागते. त्याहून मागे जायचे तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेली ब्राँझची शिल्पे आठवावीत. बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती, गेंडा, आणि सगळे चाकांवर! ती पूजेची की मिरवणुकीची यावर विद्वान वाद घालोत. एवढे भरीव ओतीव काम एकट्या लेकराने अंगणात ओढले नसणार, इतके वाढईसुद्धा सांगेल. मोठ्यांना चाकावरची जनावरे आवडतात ही गोष्ट फार जुनी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पोळा संपला की दुकानदारांचा हंगाम संपतो. वाढईबाबांचा दुसरा हंगाम तेव्हा सुरू होतो, दुरुस्तीचा. मोडके बैल काखेत मारून पोरे त्यांच्या ओसरीवर येतात. दुरुस्तीचे ते फार पैसे घेत नाहीत, किरकोळ असेल तर घेतच नाहीत. नवा बैल करताना जे कळत नाही ते मोडका बैल सांगतो, हा त्यांचा हिशेब. काय आधी मोडते याचा क्रम त्यांना पाठ आहे. पहिल्यांदा कान, मग शिंग, मग पुढचा पाय. चाकांचे मात्र काही सांगता येत नाही, ती पहिल्याच दिवशी जातात किंवा दहा वर्षे जात नाहीत.

पायाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एकाच ठोकळ्यातून कोरलेला बैल देखणा दिसतो आणि गिऱ्हाईक त्याचेच कौतुक करते. पण ठोकळ्यातल्या रेषा डोक्याकडून शेपटीकडे, आडव्या जातात. धडाला त्या बऱ्या. पायातही त्या आडव्याच येतात, आणि पाय दगडाला आपटला की बिस्किटासारखा तुटतो. म्हणून वाढईबाबा पाय वेगळे करतात, उभ्या रेषांच्या लाकडाचे. पायाच्या वरच्या टोकाला कूस काढायची, पोटाला तेवढीच खाच पाडायची, दोन्ही ठोकून बसवायचे आणि आडवी लाकडी खुंटी मारायची. लोखंडी खिळ्याने काम लवकर होते, पण खिळा पावसात गंजतो, सैल होतो आणि एक दिवस पोराच्या तळहाताला लागतो. शिंगांनाही हाच न्याय. ती सरळ फळीतून वळणदार कापली तर टोकाशी रेषा तुटतात. म्हणून ते मुळात वाकड्या वाढलेल्या फांदीतून शिंगे काढतात. घराच्या मागे अशा वाकड्या काटक्यांचा एक भाराच बांधून ठेवलेला असतो. सरपण समजून घरातल्यांनी तो चुलीत घालू नये म्हणून त्याला लाल चिंधी बांधलेली असते.

चाकात याहून जास्त मेख आहे. ओंडक्याची गोल चकती कापली की चाक झाले, असे शिकाऊ पोराला वाटते. लाकूड सुकताना सगळीकडून सारखे आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या अंगाने जास्त आणि गाभ्याकडे कमी आकसते. त्या ओढाताणीत चकती उकलते, कडेपासून मध्यापर्यंत सरळ भेग पडते. म्हणून चाक फळीतून कापायचे. त्यातही दोन पातळ फळ्या एकीच्या रेषा उभ्या आणि दुसरीच्या आडव्या अशा चिकटवायच्या आणि मग गोल करायच्या. भोक गिरमिटाने मधोमध, आसापेक्षा किंचित सैल.

किंचित म्हणजे किती? इथे पंचांग पाहावे लागते. बैल घडतो वैशाखात, चंद्रपूरच्या त्या सुप्रसिद्ध उन्हात लाकूड खडखडीत वाळलेले असताना. तो ओढला जातो भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी, हवा ओली आणि रस्ते चिखलाचे असताना. उन्हाळ्यात नेमके बसलेले चाक पावसाळ्यात फुगून आसाला धरते. वाढईबाबांच्या अवजारांच्या पेटीत एक जुने पोस्टकार्ड आहे. आस आणि भोक यांच्या मधून ते सरकले पाहिजे, एवढी फट. मग आसाला मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे तेल. ते वाळत नाही, गारव्यात थिजून वंगणासारखे बसते आणि चिखलपाण्याने लगेच धुऊन जात नाही. अंगाला मात्र ते लावायचे नाही. अंगाला उकळलेले जवसाचे तेल. ते हवेवर वाळते आणि लाकडावर पापुद्रा धरते, फक्त त्याला चांगले काही दिवस द्यावे लागतात. एक तेल न वाळणारे, एक वाळणारे. दोन्ही याच मुलखातली, आणि दोन्ही घरच्या फडताळात सापडणारी.

आणि दोरी. हौशी माणूस ती बैलाच्या गळ्यात बांधतो, कारण खऱ्या बैलाला तो तसाच नेतो. लाकडी बैल गळ्याला ओढला की पहिल्याच खड्ड्याला तोंडघशी पडतो. ओढ खालच्या फळीच्या पुढच्या कडेला हवी. गळ्यातला कासरा शोभेपुरता. दोरीची लांबी पोराच्या उंचीहून हातभर जास्त. आखूड असली तर फळी टाचेला लागते, फार लांब असली तर वळणावर बैल मागच्या मागे शेजाऱ्याच्या घरात शिरतो.

त्यामुळे बैल सांगायला आलेल्या बापाला ते जे विचारतात ते ऐकून माणूस चक्रावतो. पोराचे वय काय? उंची किती? घरासमोर रस्ता कसा, सिमेंटचा, मुरमाचा की नुसता चिखल? मुरमाचा असेल तर चाक मोठे. चिखल असेल तर चाक रुंद. सिमेंटचा असेल तर चाकाला जुन्या ट्यूबची पट्टी, नाहीतर सकाळपासून खडखडाट ऐकून म्हातारी माणसे बैलच लपवून ठेवतात.

लाकडाचा विषय निघाला की हे जंगलाचे जिल्हे आहेत, इथे लाकडाला काय तोटा, असे कुणालाही वाटेल. आलापल्लीच्या सागाचे नाव देशभर आहे. २०२३च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघाले तेव्हा त्याची वाजतगाजत शोभायात्रा काढली होती. पण कायद्याने तोडलेले, शिक्का मारलेले, लिलावात निघालेले सागवान गावातल्या वाढयाच्या खिशाला परवडत नाही, आणि शिक्क्याविना सागाचा तुकडा जवळ बाळगणे धोक्याचे. साग, बीजा, ऐन, हळदू, तिवस, मोह, आंबा ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४च्या वृक्षतोड कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निस्ताराच्या, म्हणजे घरवापरापुरते जंगलातून घेण्याच्या जुन्या हक्काने मिळते ते मुख्यतः बांबू, जळण आणि घरकामापुरते. तेव्हा खेळण्यासाठीचे लाकूड येते कुठून? आरा मशीनवरच्या उरलेल्या तुकड्यांतून, पडक्या घराच्या वाशांतून, मोडक्या खाटेच्या पायांतून.

शिवाय साग खेळण्याला फारसा सोयीचा नाही, असे त्यांचे मत. वजनाला जास्त, आणि त्यात वाळूचा अंश असल्याने पटाशीची धार लवकर जाते. त्यांची पसंती शिवणीला. हलकी, फिकट पिवळसर, एकदा सुकली की न वाकणारी. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची, आपल्या दक्षिणेला तेलंगणात गेले की निर्मलची पोनिकीची, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची प्रामुख्याने काळ्या कुड्याच्या पांढऱ्याशुभ्र लाकडाची. पोरांसाठी घडवणाऱ्या माणसांनी सगळीकडे हलकेच लाकूड निवडले आहे. काळा कुडा आपल्या रानातही होतो, पण त्याच्या जाड ओंडक्यांची इथे कुणी काळजी घेतलेली नाही. हे माझे मत, वाढईबाबांचे नव्हे. ते फक्त मान हलवतात.

ट्रॅक्टर आले तसे लाकूड अनपेक्षित वाटेने येऊ लागले. ज्यांनी बैल विकले त्यांच्या बंड्या गोठ्यात पडून होत्या. एका शेतकऱ्याने बंडीचे जू आणून दिले. वर्षानुवर्षे बैलांच्या खांद्यावर घासून ते तेल पाजल्यासारखे चकचकीत झाले होते. याचीच जोडी करा नातवासाठी, अशी त्याची मागणी. वाढईबाबांनी दोन बैल केले, बोटभर जाडीचे जू केले, त्याला काड्यांच्या शिवळा, म्हणजे जुवातल्या खुंट्या, केल्या. आजोबाला वाटले होते की नातू जोडी मिरवेल. नातवाने जोडी अंगणात एक फेरी ओढली, खाली बसला, एकेक शिवळ उपसली आणि दोन्ही बैल वेगवेगळे करून भिंतीशी उभे केले.

"असा कायले सोडला रे?" आजोबा.

"सांज झाली न. सोडा लागते."

पुढच्या वर्षीपासून वाढईबाबांच्या जोडीची शिवळ निघती असते, जास्त मेहनत लागली तरी. पोराने सुटी करून पुन्हा जोडता येईल अशी एक तरी वस्तू खेळण्यात हवी, हे त्यांनी तिथून उचलले. आता त्यांच्या बैलाची झूल निघते, वेसण निघते. शिंगे मात्र निघत नाहीत, कारण शिंगे तोंडात जातात.

तोंडात जाण्यावरून रंगाची गोष्ट. पूर्वी बैल ऑइलपेंटने रंगवत. पिवळा आणि लाल जितका भडक तितकी मागणी जास्त, आणि त्याच भडक रंगांत शिशाची संयुगे वापरली जात. एका आईने येऊन सांगितले की पोरगी रात्रंदिवस शिंग चघळते, रंग पार निघून गेला आहे. तोपर्यंत रंग निघाला म्हणजे रंग हलका लागला एवढेच वाढयाला कळत होते. तो गेला कुठे, हा प्रश्न त्या बाईने उभा केला. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. खेळण्यांसाठी सरकारी गुणवत्तेची सक्ती जानेवारी २०२१ पासून आली, आणि नोंदणीकृत हस्तकारागिरांना तीतून सूट मिळाली. सूट कागदाला असते, शिंगाला नसते. वाढईबाबांनी सहा वर्षांखालच्या पोरांचे बैल रंगवणेच सोडले. शिवणीचा मूळ रंग, जवसाचे तेल, आणि डोळ्यांपुरते काजळ धावड्याच्या डिंकात खलून, वरून पुन्हा तेलाचा हात. विक्री पडली. बिनरंगाचा बैल म्हणजे अर्धवट सोडलेला बैल, असे लोकांना वाटते. पण त्यांच्या लक्षात आले की पोरे अशा बैलाला स्वतः रंगवतात, गेरूने, हळदीने, खडूने, दरवर्षी नव्याने. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून तर दरवर्षी.

एकदा भामरागडकडच्या एका निवासी शाळेने त्यांना पोरांना शिकवायला बोलावले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की ज्याचा संपर्क तुटतो, तो हा भाग. वाढईबाबा ठोकळे, पटाश्या, मोगऱ्या घेऊन गेले आणि बैल कसा काढायचा ते सांगू लागले. माडिया पोरांनी आदराने ऐकून घेतले. मग त्यांनी आपापले कोयते आणले. संध्याकाळपर्यंत ओसरीवर डोंगे तयार झाले होते. एकाच लाकडातून कोरलेले, इंद्रावतीवर चालतात तसे, हातभर लांबीचे. एकाने धनुष्य केले, एकाने मासे धरायच्या जाळ्याचा छोटा नमुना बांबूच्या काड्यांचा. बैल एकही नाही. लाकूड कोयत्याने कसे तासायचे हे त्यांना शिकवायची गरजच नव्हती. एका पोराने डोंग्याचे बूड इतके एकसारखे पातळ केले होते की वाढईबाबांनी ते उन्हाकडे धरून पाहिले. नदीच्या पाण्यात सोडल्यावर ज्याचा डोंगा कलंडला तो परत बसून एक बाजू तासत होता. खेळणे पुरे झाले की नाही हे तिथे पाणी ठरवत होते. आपल्याकडे रस्ता ठरवतो.

गावातल्या पोरांना काय हवे हे पर्यटकाला हवे त्यापेक्षा वेगळे असते, हे त्यांना ताडोब्याच्या मोहर्ली दरवाज्याकडच्या एका दुकानदाराने शिकवले. त्याची मागणी एकच, वाघ. बसलेला, उभा, पिवळा, काळे पट्टे. वाढईबाबांनी वर्षभर वाघ केले, पैसे बरे मिळाले. वाघाला चाके नसत, तो पुण्या-मुंबईच्या शोकेसमध्ये बसायचा असे. त्यांच्या गावातल्या एकाही पोराने मात्र वाघ मागितलेला नाही. सरपणाला जाताना ज्याची भीती, दिवस मावळल्यावर ज्याच्यासाठी शेतातून परत फिरायचे, त्याला कोण दोरी बांधून ओढणार? वाघाचे काम त्यांनी पुढे मुलाकडे सोपवले. मुलगा चंद्रपूरला नोकरी करतो, सुट्टीत येऊन करतो, आणि खरे सांगायचे तर बापापेक्षा चांगले करतो.

बाजारात आता यंत्रावर कापलेले एमडीएफचे बैल येतात. गुळगुळीत, एकसारखे, स्वस्त. पावसात पाय फुगून पापुद्रे सुटतात, आणि दुरुस्तीला आणले तर त्यांना खुंटीही मारता येत नाही. तरी त्यांच्यावर राग धरून उपयोग नाही. ज्याच्याकडे शिवणीच्या बैलाचे पैसे नाहीत त्याच्या पोरानेही तोरणाखाली जायला हवे. वाढईबाबा अशा बैलाची फळी आणि चाके तेवढी बदलून देतात. बैल एमडीएफचा, पण चाल लाकडाची. तो एक पोळा निभावून नेतो.

राग त्यांचा आहे तो स्पर्धेवर. गावोगाव तान्ह्या पोळ्याला मंडळे बक्षिसे ठेवतात, सायकल, कुकर, रोख रक्कम. बक्षीस सजावटीला आणि आकाराला. त्यामुळे बाप ट्रॉलीवर नंदी आणतो, त्यावर विजेचे दिवे लावतो, आणि पोरगा फेटा बांधून शेजारी उभा राहतो. दोरी बापाच्या हातात. एका शहरातल्या हौशी माणसाने असा नंदी त्यांच्याकडून करवून घेतला. पैसे चोख दिले, काम त्यांनीही मन लावून केले. त्या नंदीचे वशिंड त्यांच्या हातचे आजवरचे सर्वांत सुंदर वशिंड होते, असे ते अजूनही सांगतात. बक्षीस मिळाले. तो नंदी दुरुस्तीला मात्र कधी आला नाही, कारण त्याचे काही मोडलेच नाही.

मागच्या पोळ्याला शेजारच्या गावाने त्यांना परीक्षक म्हणून बोलावले. त्यांनी एक अट घातली. पोराने आपला बैल एकट्याने मैदानाच्या या टोकापासून तोरणापर्यंत ओढत आणायचा, वाटेत बैल पडला तर स्वतः उचलायचा, मोठ्यांनी हात लावायचा नाही. गुण त्याला. मंडळाच्या पोरांनी डोके खाजवले. देणगीदारांचे नंदी तर हलणारच नाहीत! शेवटी तडजोड झाली. पाच वर्षांखालच्या गटाला बाबांचा नियम, वरच्या गटाला जुनाच. लहान गटात पहिला आलेला बैल खाटेच्या पायाचा होता, एक कान नसलेला. मंडळाच्या अध्यक्षांनी बक्षीस देताना माइकवरून त्याच्या सजावटीचे कौतुक केले. वरच्या गटाचे काय करायचे यावर मंडळात अजून वाद चालू आहे.